मावशीला शर्ट शिवता येत नाही

माझ्या मावशीला शर्ट शिवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली तिच्याविषयी लोक वाटेल ते सांगत सुटतात. कोणी म्हणतं तिच्या हातात लहानपणापासून कला होती. कला कसली डोंबलाची! शाळेत तिनं उशीचा अभ्रा शिवला होता, त्यात उशी शिरत नव्हती. माझ्या आईनं, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीनं, तो अभ्रा पुरावा म्हणून अजून जपून ठेवलाय.

तेवीस वर्षं मावशी शर्टांच्या कारखान्यात होती आणि तेवीस वर्षं तिनं फक्त कॉलरी शिवल्या. तिथली पद्धतच तशी. एक बाई कफ शिवायची, एक बाह्या जोडायची, एक नुसती काजं करायची. कापड कापणारे वरच्या मजल्यावर, ते खाली उतरायचे नाहीत आणि खालच्या बायका वर जायच्या नाहीत. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे टेबलावर येऊन पडायचे, मावशी त्यांच्या कॉलरी करून पुढे सरकवायची. पुरा झालेला शर्ट तिला दिसायचा तो दुकानाच्या काचेआड. नावंसुद्धा कामावरून पडलेली. कफवाली, बाहीवाली, काजवाली. मावशी कॉलरवाली. एकदा घरी फोन आला आणि पलीकडच्यानं तिचं खरं नाव घेतलं, तर ती "राँग नंबर" म्हणून फोन ठेवून मोकळी झाली.

पण कॉलर मात्र अशी करायची की बघत राहावं. दोन्ही टोकं केसाच्या फरकाशिवाय सारखी. बसमध्ये ती लोकांचे चेहरे बघायची नाही, मानेच्या मागं बघायची आणि माझ्या कानात निकाल सांगायची. "याचं डावं टोक आखूड आहे. बायकोनं सांगितलं नसेल का याला?" तिच्या स्वतःच्या नवऱ्याविषयीही तिची एकच तक्रार होती, की तो कॉलर वर करून फिरायचा. हा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला. वारला नाही, नुसता गेला. कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही आणि मावशीला ते जाणून घ्यायचंही नाही. तेव्हापासून ती तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहते. एक खिडकी, एक पलंग, एक कपाट, आणि दाराला आतून कडी. ती कडी तिची फार लाडकी.

कारखाना बंद झाला त्याची हकीकत चार ओळींची आहे. तयार शर्ट बाहेरून आणणं स्वस्त पडतं असा साक्षात्कार मालकाच्या मुलाला झाला आणि दोनशे बायका घरी गेल्या. जाताना ज्यांना हवी त्यांना आपली मशीन न्यायची मुभा दिली. हे औदार्य नव्हतं, भंगारवाला न्यायला तयार नव्हता. मावशीची ती मोटारवाली अवजड मशीन चौघींनी मिळून तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि चौघींच्याही कमरा आठवडाभर धरल्या होत्या.

शेवटच्या दिवशी मालकांनी एका व्याख्यात्याला बोलावलं होतं. विषय, संकटात सकारात्मक कसं राहावं. ज्यांनी संकट आणलं त्यांनीच वक्ता आणावा, हे म्हणजे खिसा कापून वर पावती देण्यातला प्रकार. वक्त्यानं सांगितलं, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणा, मी आनंदी आहे. मग प्रत्येकीला एक वही वाटली. तिच्यात रोज आपल्या आयुष्यातल्या पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या. मावशी पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला गं?"

"काय म्हणाला ते नाही लक्षात. कॉलर घडीवर पार विरलेली होती त्याची. आम्हाला कसला धीर देतोय, त्याचंच घर चालत नसणार."

तरी तिनं वही उघडली. पहिल्या पानावर लिहिलं, एक, सहाला उठावं लागत नाही. दोन, सुपरवायझरचं तोंड बघावं लागत नाही. तिसरं काही सुचेना. तीन आकडा लिहून तिनं पुढे टिंब दिलं आणि वही मिटली.

ती पहिले काही दिवस खरंच मजेत होती, हे मला खोटं वाटायचं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी ती घरभर कॉलरी लावत सुटली. उशीला कॉलर, पाण्याच्या पिंपाला कॉलर. माझ्या छत्रीच्या दांड्यालाही तिनं कॉलर केली. मी ती छत्री ऑफिसात नेली आणि साहेबांनी विचारलं, हिला टाय कुठाय.

मग एका रविवारी मोठा मामा आला. तो या दोघी बहिणींचा दादा. आल्यावर त्यानं हवापाण्याच्या गप्पा केल्या, पंख्याचा आवाज फार येतो म्हणाला, खिडकीतून खालचं गॅरेज बघितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी सवय. चहाचा दुसरा कप झाल्यावर भांडं बाहेर आलं. मामीची आई वर्षभरापासून त्याच्याकडे अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं करायला माणूस हवं होतं.

"तुझं तसं आता काय काम आहे इथं?" मामा म्हणाला. "स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत जागा आहे. म्हातारीचा पलंग तिथंच आहे, तुझाही बसेल. तुलाही सोबत होईल."

"आणि माझी ही खोली?"

"सोडून द्यायची. भाडं कुठून भरणार आहेस? एक तारखेला टेम्पो घेऊन येतो. फार सामान नाहीच तुझं."

विचारलं काहीच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. मामा वाईट माणूस नाही हो. त्याला बहिणींना विचारायची सवय नाही, एवढंच. आणि खरं सांगायचं तर माझी आई म्हणाली, बरं होईल, आणि मीसुद्धा म्हणाले, "जा ना मावशी, घरच्यात राहशील." माझी स्वतःची नोकरी विम्याच्या ऑफिसात पक्की होती. दुसऱ्याला शहाणपण सांगायला आणखी काय लागतं?

मामा गेल्यावर मावशी उठली, दाराची कडी लावली आणि थोडा वेळ तिच्यावर हात ठेवून उभी राहिली. एक तारखेला सव्वीस दिवस होते.

तळमजल्यावर एक बस कंडक्टर राहतात. सरळ माणूस. दुसऱ्याच दिवशी ते जिन्यात भेटले आणि म्हणाले, "ताई, मुलीला शाळेत बक्षीस मिळतंय शनिवारी. मला एक शर्ट शिवून द्या. तुम्ही काय, तेवीस वर्षांच्या अनुभवी." मावशीनं हो म्हटलं. शर्ट चांगला झाला तर इमारतीतली, मग गल्लीतली शिवणं मिळतील, भाडं सुटेल आणि टेम्पो रिकामा परत जाईल, असा तिचा हिशेब.

तिनं आधी कॉलर शिवली. वीस मिनिटांत, अप्रतिम. आणि मग कॉलर हातात घेऊन ती दोन तास बसून राहिली. आधी टोपी शिवायची आणि मग तिच्यात बसेल असं डोकं शोधत फिरायचं, तसलं ते काम झालं. शेवटी तिनं कंडक्टरांचा जुना शर्ट कापडावर पसरला, खडूनं त्याच्या कडेकडेनं रेघ मारली आणि रेघेवरूनच कापलं. ज्यांना शिवणकाम येतं ते इथं कपाळावर हात मारतील. शिवणीत जाणारं कापड सोडायचं असतं, हे शाळकरी पोरीलाही कळतं. पण मावशीच्या टेबलावर तेवीस वर्षं जे तुकडे आले ते वरच्या मजल्यावाल्यांनी सोडायचं ते सोडूनच कापलेले होते. कापड असं सोडावं लागतं, याची तिला गंधवार्ता नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी कंडक्टर शर्ट घालून बघायला आले. मीही होते. शर्ट अंगात गेला, पण कसा गेला ते विचारू नका. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या होत्या, एक पुढे बघत होती आणि एक मागे. कंडक्टरांनी श्वास घेतला तेव्हा छातीवरचं बटण उडून खिडकीच्या काचेवर टण्णकन आपटलं. त्यानंतर त्यांनी श्वास घेणं बंद केलं.

"हात वर करा," मावशी म्हणाली.

"होत नाहीत."

"मग खाली करा."

"तेही होत नाहीत, ताई."

एक ना धड, भाराभर चिंध्या! आणि या सगळ्या अवताराच्या वर, गळ्याशी, ती कॉलर. ताठ, रेखीव, जणू चुकून या लग्नाला आलेली. आधी मावशीला हसू फुटलं, मग मला, मग कंडक्टरांनाही, पण त्यांना हसताना उरलेली बटणं सांभाळावी लागली. दोघींनी मिळून त्यांना सोडवलं. ते "असू द्या, असू द्या" म्हणत खाली गेले.

ते गेले आणि मावशी रडायला लागली. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती, कारखाना बंद झाला तेव्हाही नाही. "मला काही येत नाही गं," ती म्हणाली. "तेवीस वर्षं. आणि मला काहीच येत नाही. दादा बरोबर बोलतोय, म्हातारीचं करायलाच ठीक आहे मी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. त्या वक्त्यानं सांगितलेलं काही बोलायची माझी हिंमत नव्हती.

शुक्रवारी सकाळी दारावर टकटक झाली. कंडक्टर होते, हातात एक जुना पांढरा शर्ट. मावशी नुकसानभरपाईची बोलणी करायला गेली, तर ते म्हणाले, "ते राहू द्या. मी काय म्हणतो, ती कॉलर झकास झाली होती. ती तेवढी काढून यावर लावता येईल का? याचं बाकी सगळं धड आहे, फक्त कॉलर गेलीय."

"पांढऱ्या शर्टावर निळ्या पट्ट्यांची कॉलर? बँडवाले आहात का तुम्ही?" मावशीनं शर्ट हातात घेतला. घडीवर कॉलर विरून आतलं कॅनव्हास डोकावत होतं. तिनं ती उलटून खालची बाजू बघितली. खालची बाजू कोरी करकरीत. तिच्यावर कधी ऊन पडलं नव्हतं की दाढीचे खुंट घासले नव्हते. मावशी मिनिटभर नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "नवी कशाला? हीच उलटी करून लावते."

गळ्याच्या पट्टीपासून कॉलर उसवली, पालटली, पुन्हा बसवली, टीप मारली. पंचवीस मिनिटं. शनिवारी कंडक्टर मुलीच्या बक्षिसाला गेले ते मान वर करून गेले.

आता कंडक्टर लोकांचं एक दुखणं असतं, ते मला तेव्हा कळलं. तिकिटाच्या पिशवीचा पट्टा दिवसभर मानेवर घासतो. अंगातला शर्ट अजून वर्षभर चालेल असा असतो आणि कॉलर मात्र चार महिन्यांत फाटते. फाटकी कॉलर घालून ड्यूटीवर गेलं की डेपोतला साहेब बोलतो, आणि नवा गणवेश मागितला की तोच साहेब त्याहून जास्त बोलतो. रविवारी आमच्या कंडक्टरांनी गणवेशाच्या शर्टाचीही कॉलर मावशीकडून उलटून घेतली आणि सोमवारी ती डेपोत दाखवली. मंगळवारी सकाळी जिन्यात सात कंडक्टर आणि दोन ड्रायव्हर उभे होते.

मावशीनं सकारात्मक वहीत तीनपुढचं टिंब तसंच ठेवलं आणि पान उलटून गळ्यांची मापं लिहायला घेतली. दारावर पाटी लावली, 'येथे कॉलर उलटून मिळेल. शर्ट शिवून मिळणार नाही.' दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात होतं. मशीन सुरू झाली की दुसऱ्या मजल्यावरच्यांची भांडी नाचायची, म्हणून ते भांडायला आले. कंडक्टरांनी डेपोतून बसच्या जुन्या टायरचे चार तुकडे आणले, ते मशीनच्या पायांखाली गेले आणि भांडी शांत झाली. भांडायला आलेल्या गृहस्थांनी जाताना दोन शर्ट ठेवले.

शर्ट फाटण्याचाही एक क्रम असतो, आधी कॉलर, मग कफ. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात मावशीनं कफवालीला बोलावून घेतलं. तीही आपली मशीन घेऊन आली, पुन्हा चार कमरा धरल्या. बाहीवालीही येऊन गेली, पण बाही काही लवकर फाटत नाही. ती बिचारी अजून काम शोधते आहे. सगळ्यांचंच भलं झालं असं सांगायला मला आवडलं असतं, पण झालं नाही.

मध्येच एक दिवस तो सकारात्मक व्याख्याता आला. तोच शर्ट, तीच कॉलर. कोणीतरी त्याला पत्ता दिला होता. मावशीनं ओळख दाखवली नाही, पण वहीनं घोटाळा केला. टेबलावरची वही त्यानं ओळखली आणि त्याला भरून आलं.

"म्हणजे माझ्या व्याख्यानाचा उपयोग झाला! ताई, पुढच्या भाषणात तुमचं उदाहरण देऊ? नावासकट?"

"नाव नको," मावशी म्हणाली. "पत्ता सांगा. आणि कफही उलटून मिळतात म्हणावं."

हे सगळं मामाला कोणी कळवलं नाही. आईला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं आईनं. मावशीला विचारलं तर म्हणाली, "त्यानं मला कुठं विचारलं होतं, की मी उत्तर कळवू?" पण भाडं भरायला लागेल तेवढं जमलं होतं की नाही, हे ती काही सांगेना. तीस तारखेला घरमालकाकडे जाऊन आली आणि माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. मी तिला गच्च मिठी मारली. तोंडात टाचण्या होत्या तिच्या, तरी मारली.

एक तारखेला मामा टेम्पो घेऊन आला. सुट्टीचा दिवस, जिना माणसांनी भरलेला. मामाला वाटलं वर कोणी वारलंय. चेहरा पाडून, हात जोडत, "सरका जरा, मी भाऊ आहे," म्हणत तो वर पोचला. खोलीत दोन मशीनी धडधडत होत्या, पलंगावर शर्टांचा ढीग होता आणि खुर्च्यांवर दोन कंडक्टर बनियनवर बसून चहा पीत होते.

"हे काय चाललंय?" मामानं विचारलं. "बांधाबांध केली नाहीस अजून?"

"नाही. दादा, मी येत नाही."

"येत नाही म्हणजे? सगळं ठरलंय."

"तू ठरवलंयस. मी आत्ता ठरवलं. शर्ट काढ."

"काय?"

"कॉलर फाटलीय तुझी. अशा कॉलरीनं माझ्या दारातून जायचं नाही. लोक मला नावं ठेवतील."

मामा घरचा कर्ता माणूस, पण जिन्यातली एवढी माणसं ऐकत असताना करणार काय? त्यानं शर्ट काढला आणि दोन कंडक्टरांच्या मध्ये तिसरा बनियनवाला होऊन बसला. मावशीनं कॉलर उसवायला घेतली. मामा पलंगावरच्या ढिगाकडे, मशीनकडे, टायरच्या तुकड्यांकडे बघत राहिला. मग हळूच, आम्हाला अनोळखी अशा आवाजात म्हणाला, "मग तिकडं कोण करणार गं? ही पार थकलीय. रात्र रात्र जागते. मलाही काही सुचेना झालंय."

मावशीनं उसवणं थांबवलं. इतकी वर्षं मी मामाला ओळखते, पण मला काही सुचत नाही असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मावशीनंही नसावं.

"हे तेव्हाच सांगितलं असतंस तर?" ती म्हणाली. "माझं काय काम आहे, हे सांगत बसलास. तू कर, दादा. निम्मं तू कर."

"मला कुठं येतं ते? भरवणं, पुसणं... मी कधी केलंय का?"

"मला तरी काय येत होतं? शिक. उलटसुलट होईल पहिल्यांदा. म्हातारी काही बटण उडवून मारणार नाही तुला." कंडक्टर चहात हसले. "आणि मी रविवारी येत जाईन. पाहुणी म्हणून. चहा तू करायचा."

तिनं कॉलर बसवली, टीप मारली, दोन्ही टोकं जुळवून बघितली आणि शर्ट त्याच्या हातात दिला. टेम्पो रिकामाच परत गेला. त्याआधी टेम्पोवाला वर येऊन दोन शर्ट टाकून गेला होता.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. दार मामानं उघडलं, खांद्यावर ओला टॉवेल, पायजम्यावर पेजेचे डाग. म्हातारीला त्यानं स्वतः भरवलं होतं आणि ती आतून मामीला ओरडून सांगत होती, की उद्यापासून तू भरव, हा चमचा नाकात घालतो. मामी कितीतरी दिवसांनी दुपारची झोपायला गेली. मामानं चहा केला, तो वाईट होता, मावशी पूर्ण प्यायली. मग पाय वर घेऊन खुर्चीत ऐसपैस बसली.

तिन्हीसांजेला मामानं तिच्याकडे बघितलं. जन्मभर हा तिला सांगत आला होता, आता नीघ, आता थांब, अमक्या गाडीनं जा. या वेळी त्यानं विचारलं, "तुला कधी निघायचंय?"

मावशी जरा दचकली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बघते," ती म्हणाली. "माझं मन झालं की सांगते."